पोपटाचा अडकित्ता

रोहण्याच्या घरी आजीचा एक पितळी अडकित्ता होता. पोपटाच्या आकाराचा. चोचीखाली सुपारी धरायची आणि दाबायची. रात्री जेवणं झाली की ओसरीवर त्याचा कट्कट् आवाज सुरू व्हायचा आणि आम्हा पोरांना कळायचं, की आता आजीला गोष्ट मागायला हरकत नाही.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना घरात स्टील आलं. माळ्यावरचं पितळ, तांबं पोत्यात भरून पुलगावला मोडीत नेलं. तेव्हा रोहण्याहून जाणारी पुलगाव-आर्वी छोटी गाडी चालू होती. पोतं उचलायला मला सोबत घेतलं होतं. दुकानदारानं सगळं एकत्रच तागडीत टाकलं. त्यात पोपटाची मान मला दिसली. मी काही बोललो नाही. (नवीन डबे मिळणार होते ना!) रात्री आजीनं विचारलं, "माहा अडकित्ता कोठी ठेवला बाप्पा?" कोणीच उत्तर दिलं नाही. त्यानंतर ती सुपारी विळ्यावर फोडायची.

हे सगळं आठवायचं कारण पुण्याचं केळकर संग्रहालय. शुक्रवार पेठेतलं. नोकरीनिमित्त पुण्यात आलो तेव्हा एका रविवारी सहज गेलो. 'राजा दिनकर केळकर' हे नाव वाचून मला वाटलं होतं, असेल कुठला तरी संस्थानिक. पण दिनकर गंगाधर केळकर राजेबिजे कोणी नव्हते. घरचा धंदा चष्म्यांचा, आणि स्वतः कवी, 'अज्ञातवासी' या नावानं लिहिणारे. राजा हे त्यांच्या मुलाचं नाव. तो अवघ्या सात वर्षांचा असताना गेला. बापानं अख्खं संग्रहालय त्याच्या नावानं केलं.

काकासाहेबांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. लोक अशा वेळी तलवारी, नाणी, चित्रं जमवतात. त्यांनीही शस्त्रं जमवली, पण तिथेच थांबले नाहीत. दिवे, दौती, गंजिफा, वज्र्या, कुंकवाचे करंडे, कोरीव दरवाजे, वाद्यं... आणि अडकित्ते! बायकांच्या हातातल्या रोजच्या वस्तूंना त्यांनी इतिहास मानलं, ही माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट. आपल्याकडे इतिहास म्हटलं की लढाया आणि तह. वज्रीनं पाय घासणाऱ्या बाईचं नाव कुठल्या बखरीत येणार?

यासाठी ते गावोगाव हिंडले, पदरचे पैसे घातले. पत्नी कमलाबाईंची साथ होती. चष्म्याच्या दुकानावर चालणारा संसार आणि हा असला नाद! त्या घरात महिनाअखेरीला काय बोलणं होत असेल, याचा मी कधी कधी विचार करतो. कोथरूडला मस्तानीचा महाल होता, त्याचे अवशेष आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला. असं करत करत वीसेक हजार वस्तू जमल्या. मांडायला जागा अपुरी, त्यामुळे बघायला मिळतात त्या साधारण अडीच हजार.

आणि मग १९७५ साली हे सगळं त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. विकलं असतं तर काय किंमत आली असती, हा हिशेब आपल्यासारख्यांनी करावा. १७ एप्रिल १९९० ला ते गेले.

एक गोष्ट मात्र तिथे फिरताना टोचते. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी घरातून निघालेली आहे. कोणी हौसेनं दिली असेल, कोणी अडचणीत विकली असेल. काचेमागचा अडकित्ता आता सुपारी फोडत नाही, आणि तो कुणाच्या हातातला होता हे पाटीवर नसतं. पण पुलगावची तागडी मी पाहिली आहे. तागडीतून भट्टीत जाण्यापेक्षा काच बरी, एवढं मला कळतं.

त्या कपाटात एक पक्ष्याच्या आकाराचा अडकित्ता होता. आमचा नव्हे, उघडच आहे. तरी मी बराच वेळ उभा राहिलो. शेवटी पहारेकऱ्यानं "पुढे चला" म्हटलं.

आता घरच्या मंडळींसाठी. रोहण्याच्या घरात आजीचं जातं आणि सागवानी पेटी अजून आहे. भंगारवाला दारावर आला तर आधी मला फोन करा. आणि धाकट्या आत्याच्या लग्नाच्या फोटोंत आजी ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसलेली आहे, असं मला अंधुक आठवतं. कोणाकडे तो फोटो असेल तर तिच्या उजव्या हातात काय आहे तेवढं बघून कळवा.