आच्छादित पूल

आच्छादित पूल म्हणजे वर छप्पर आणि बहुधा दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती असलेला, मुख्यतः लाकडी बांधणीचा पूल होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, स्वित्झर्लंड, चीन आणि व्हिएतनाम या देशांत असे ऐतिहासिक पूल आजही आढळतात.

रचना व उद्देश

छपराचा मुख्य उद्देश प्रवाशांना निवारा देणे हा नसून पुलाचे भार पेलणारे लाकूड कोरडे राखणे हा असतो. सतत भिजणारे लाकूड सांध्यांपासून कुजू लागते व उघडा लाकडी पूल लवकर निकामी होतो. छप्पर व बाजूच्या फळ्या वेळोवेळी बदलल्यास आतील सांगाडा शतकाहून अधिक काळ टिकू शकतो. इथिएल टाउन यांनी १८२० मध्ये पेटंट घेतलेला जाळीदार सांगाडा साध्या फळ्या व लाकडी खुंट्यांनी जोडता येत असल्याने अमेरिकेत लोकप्रिय झाला.

इतिहास

स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथील रॉइस नदीवरचा कापेलब्र्यूक हा पूल १४व्या शतकातील आहे. अमेरिकेतील पहिला ज्ञात आच्छादित पूल १८०५ मध्ये फिलाडेल्फिया येथे पूर्ण झाला. न्यूयॉर्क राज्यातील हाइड हॉल पूल (१८२५) हा त्या देशातील सर्वांत जुना शिल्लक आच्छादित पूल मानला जातो. पुढे लोखंड व पोलादाच्या वापरामुळे ही बांधणी मागे पडली.

जतन

आग, पूर व जड वाहने हे या पुलांपुढील प्रमुख धोके आहेत. कापेलब्र्यूकचा मोठा भाग व त्यावरील १७व्या शतकातील बहुसंख्य चित्रे ऑगस्ट १९९३ मधील आगीत नष्ट झाली. पुनर्बांधणीनंतर पूल १९९४ मध्ये खुला झाला. न्यूयॉर्क राज्यातील ओल्ड ब्लेनहाइम पूल (१८५५) २०११ च्या पुरात वाहून गेला. चीनच्या फूच्येन प्रांतातील वान-आन पूल २०२२ मध्ये जळाला. अमेरिकेत अशा पुलांच्या दुरुस्तीसाठी १९९८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

लाकूड बदलावेच लागत असल्याने पुलाचे मूळपण नेमके कशात मानावे, हा जतनातील वादाचा मुद्दा आहे. व्हिएतनाममधील होई आन येथील जपानी पूल दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये खुला झाला, तेव्हा तो फार नवा दिसत असल्याची टीका झाली. चीनमधील लाकडी कमानी पुलांच्या बांधणीचे पारंपरिक कौशल्य युनेस्कोने २००९ मध्ये तातडीने जतन करावयाच्या वारशाच्या यादीत घेतले. वास्तूइतकेच सुतारांचे ज्ञान टिकणे आवश्यक आहे, ही त्यामागील भूमिका होय.

महाराष्ट्रातील पूल

महाराष्ट्रात आच्छादित पुलांची परंपरा रूढ झाली नाही. येथील जुने पूल प्रामुख्याने दगडी कमानींचे आहेत. पुण्यात मुठा नदीवर पेशवाईत बांधलेल्या लाकडी पुलाच्या जागी पुढे दगडी पूल झाला, तरी ‘लकडी पूल’ हे नाव कायम राहिले. नागपूरजवळ कामठी येथे कन्हान नदीवर ब्रिटिशकालीन दगडी पूल आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळून एसटीच्या दोन बस वाहून गेल्या व अनेकांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेनंतर राज्यातील जुन्या पुलांच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला.