बेडक्याचा नमुना कसा द्यायचा? दमा, सीओपीडीच्या रुग्णांनी काय काळजी घ्यावी?

सीओपीडी, जुना दमा किंवा होऊन गेलेल्या टीबीमुळे फुप्फुसं कमजोर झालेल्यांना खोकला रोजचाच असतो. त्यामुळे नवा संसर्गही 'नेहमीचाच खोकला' म्हणून अंगावर काढला जातो. खोकला वाढला, ताप येत राहिला, वजन घटलं किंवा कफाचा रंग बदलला, तर डॉक्टर बेडका तपासायला सांगू शकतात.

थुंकी आणि बेडका एकच का?
नाही. थुंकी तोंडातली, तर बेडका म्हणजे छातीतून खोकून वर आलेला घट्ट कफ. डबीत नुसती लाळ गेली, तर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. साधारण २ ते ५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम चमचाभर बेडका पुरतो.

नमुना कसा द्यायचा?
- टीबीसाठी सहसा दोन नमुने घेतात. त्यातला एक सकाळी उठल्या उठल्या द्यायचा असतो, कारण रात्रभर छातीत कफ साचलेला असतो.
- आधी साध्या पाण्याने चूळ भरा. माउथवॉश वापरू नका.
- दोन-तीनदा खोल श्वास घ्या, क्षणभर रोखा आणि मग जोरात खोका.
- डबीच्या आतल्या बाजूला हात लावू नका. झाकण घट्ट लावा, हात साबणाने धुवा.
- नाव झाकणावर नाही, डबीवर लिहा. नमुना उन्हात न ठेवता लवकरात लवकर लॅबमध्ये द्या.

कुठे खोकायचं?
मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब. टीबी हवेतून पसरतो, म्हणून बंद बाथरूम किंवा दवाखान्याची गर्दीची खोली टाळा. सोबतच्या व्यक्तीने रुग्णाच्या समोर उभं राहू नये.

धाप लागली तर?
लगेच थांबा. नमुन्यासाठी इनहेलर किंवा ऑक्सिजन स्वतःहून बंद करू नका. कफातून रक्त आलं, तर जोर न लावता डॉक्टरांना कळवा.

कफ निघतच नसेल तर?
डॉक्टर मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने देऊ शकतात. पण दमा आणि सीओपीडीमध्ये त्याने श्वासनलिका अचानक आकसू शकते. म्हणून अशा रुग्णांना आधी श्वासनलिका मोकळी करणारं औषध देतात आणि पूर्ण वेळ लक्ष ठेवतात. हा प्रयोग घरी करू नका.

सरकारी आरोग्य केंद्रांत टीबीची तपासणी मोफत होते. माहितीसाठी निक्षय हेल्पलाइन: १८००-११-६६६६.