चौकटीतली फुलपाखरं

कळवणला खालूंच्या बैठकीत एक जुनी चौकट आहे. काचेआड टाचलेली पाच फुलपाखरं. ईदला भाचीनं विचारलं, ‘मामू, ही कुठली?’ चौकट उलटून पाहिली. गाव नाही, तारीख नाही.

ही हौस एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय दिवाणखान्यांची. साहेबांबरोबर इकडे आली. त्याच काळात, 1883 मध्ये, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. पुढे पिवळ्या गळ्याची मारलेली चिमणी घेऊन एक मुलगा तिथे गेला. सचिव मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण त्याला उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली.

त्या संस्थेनं कीटकही जपले. जीव तिथेही मेलेलाच, टाचणीवरच. पण टाचणीखाली चिठ्ठी असते: कुठे, कधी, कोणी पकडला. त्या चिठ्ठीमुळे शंभर वर्षांनीही कळतं, एखाद्या डोंगरावर तेव्हा काय उडत होतं. बैठकीतली चौकट नुसते रंग ठेवते, आणि उजेडात तेही बहुधा विटतात.

1972 च्या वन्यजीव कायद्याखाली पुढे अनेक फुलपाखरांना संरक्षण मिळालं. 2015 मध्ये महाराष्ट्रानं ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं. खालूंची पाच मात्र सप्तशृंगीच्या उतारावरची की मुंबईच्या दुकानातली, हे त्यांनाही आठवत नाही.

भाचीला मी एक वही दिली. पहिली नोंद तिनं केली: ‘पिवळं, लहान, शाळेमागे.’ तारीख विसरली.