हिरव्या ज्योतीचं कुळ

भंगाराच्या अड्ड्यावर वायरी जाळून तांबं काढतात, तेव्हा आगीत मधूनच हिरव्या-निळ्या जिभा दिसतात. गाडीच्या एसीतला गॅस कुठून गळतोय हे शोधायला मेकॅनिक मंडळींनी कित्येक वर्षं जी युक्ती वापरली, तिचं रसायन नेमकं हेच आहे : तापलेल्या तांब्याला क्लोरिन भेटला की ज्योत हिरवी. भंगारवाल्याच्या आगीत क्लोरिन येतो वायरीच्या पीव्हीसी वेष्टणातून, मेकॅनिकच्या ज्योतीत तो गळक्या जोडातून येई. हे कळलं आणि मी त्या ज्योतीचा माग काढू लागलो. वाटलं होतं डेट्रॉइटला पोचेन; पोचलो सेंट पीटर्सबर्गला.

आधी उपकरण समजून घेऊ. त्याचं नाव हॅलाइड टॉर्च. इंधनाची लहानशी बाटली, वर बर्नर, ज्योतीत तापणारी तांब्याची चकती आणि बाजूला एक रबरी नळी. ज्योतीला लागणारी हवा या नळीतून ओढली जाते. नळीचं टोक जोडांच्या खालच्या अंगाने सावकाश फिरवायचं. खालच्या अंगाने अशासाठी, की आर-१२ हा एसीतला जुना वायू हवेच्या चौपट जड, गळला की खाली उतरतो. जोड घट्ट असेल तर ज्योत फिकी निळी राहते, थोडी गळती असेल तर हिरवी होते, आणि मोठी असेल तर गडद निळी-जांभळी. फ्रिज-एसीच्या जुन्या पुस्तकांत या रंगांवर हमखास प्रश्न असे.

इंधन कधी स्पिरिट, कधी प्रोपेन, कधी ॲसिटिलीन. ॲसिटिलीनवरून एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेत या गॅसच्या लहान टाक्यांना आजही ‘एमसी’ आणि ‘बी’ म्हणतात. एमसी म्हणजे मोटरसायकल आणि बी म्हणजे बस, कारण विजेचे दिवे येण्याआधी गाड्यांचे हेडलाइट ॲसिटिलीनवर जळत आणि या टाक्या त्यासाठीच निघाल्या. दिव्यांमधली नोकरी गेली, आणि हा गॅस मागच्या दाराने पुन्हा गॅरेजात शिरला.

मुळात ज्योतीची गरज का पडली? फ्रिजमधले जुने गॅस स्वतःच बोंब मारत. अमोनिया गळला की नाक झोंबे. नेमका जोड शोधायचा तर गंधकाची पेटती कांडी जवळ न्यायची, पांढरा धूर उठे. सल्फर डायऑक्साइडसाठी उलटा डाव, म्हणजे अमोनियात भिजवलेली चिंधी न्यायची, तोच पांढरा धूर. एका विषाने दुसरं विष पकडायचं. पंचाईत केली मिथाइल क्लोराइडने. त्याचा वास मंद, गोडसर आणि काम प्राणघातक. लोकांच्या डोळ्यांत पाणी येऊन ते सावध व्हावेत म्हणून त्यात ॲक्रोलिन नावाचं जळजळीत रसायन मिसळण्याचीही वेळ आली. फ्रिजमधल्या विषारी गळतीने बर्लिनमधलं एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन आणि झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२६ पासून बिनगळतीच्या फ्रिजवर डोकं चालवलं, ही कथा बऱ्याच जणांना ठाऊक असते.

उत्तर मात्र मिळालं जनरल मोटर्समधल्या थॉमस मिजलीला. पेट्रोलमध्ये शिसं घालणारा तो हाच. एप्रिल १९३० मध्ये अटलांटा इथल्या रसायनतज्ज्ञांच्या सभेत त्याने नवा वायू छातीत भरून घेतला आणि तो सोडून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही आणि पेटत नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. हाच पुढचा आर-१२, बाजारातला फ्रिऑन. त्याला ना धड वास, ना रंग. मिस्त्रीच्या नाकाचा उपयोग संपला, आणि मेणबत्ती विझवणाऱ्या या गॅसलाच शोधायला ज्योत पेटवावी लागली.

गाड्यांचा इतिहास दोन ओळींत. १९३९ मध्ये पॅकार्डने १९४० च्या मॉडेलसाठी कारखान्यातच बसवलेला एसी जाहीर केला. त्याच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, एसी बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढायचा. १९५४ मध्ये नॅशने हीटर आणि एसी मिळून सगळा संसार गाडीच्या पुढच्या भागात आणला. आपल्याला महत्त्वाचा तो पट्टा. घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर मोटरसकट डब्यात वेल्डिंगने बंद असतो. गाडीचा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो, त्यामुळे त्याचा दांडा बाहेर काढावाच लागतो. दांड्याला सील आलं, हलणाऱ्या इंजिनासाठी रबरी होज आले, जोडाजोडाला ओ-रिंग आली. म्हणून फ्रिज वर्षानुवर्षं भरल्या गॅसवर चालतो आणि गाडी गळते. गाडीचा एसी दुरुस्त करायला शिकणं म्हणजे निम्म्याहून अधिक गळती शोधायलाच शिकणं, असं माझं मत आहे.

आता ज्योतीचं कुळ. काही जण तिला खाणकामगारांच्या दिव्याच्या वंशात बसवू पाहतील. हम्फ्री डेव्हीचा सुरक्षा-दिवा १८१५ चा. खाणीत मिथेन साचला की त्याच्या ज्योतीवर निळसर टोपी चढे. ज्योत हवेची बातमी सांगते, म्हणून हाच पूर्वज. वरकरणी पटण्यासारखं आहे, पण मला मान्य नाही. डेव्हीच्या दिव्यात आलेला वायू स्वतः जळतो आणि दिसतो. आर-१२ तर जळतच नाही. टॉर्चमधली तांब्याची चकती काढून टाका आणि खुशाल गॅस सोडा, तो हिरवा रंग उमटणार नाही. तेव्हा तांबं ज्याने आणलं तो खरा पूर्वज.

तो म्हणजे फ्रीडरिश कोनराड बाइलस्टाइन. जन्म १८३८, सेंट पीटर्सबर्गचा, जर्मन घरातला. सेंद्रिय रसायनांची जंत्री करणारा त्याचा प्रचंड कोश रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. १८७२ मध्ये त्याने एक सुटसुटीत परीक्षा प्रसिद्ध केली. तांब्याची तार ज्योतीत तापवून काळी करायची, म्हणजे तिच्यावर कॉपर ऑक्साइड चढतं. मग तिला संशयित पदार्थ लावून पुन्हा ज्योतीत धरायचं. पदार्थात क्लोरिन, ब्रोमिन किंवा आयोडिन असेल तर तांब्याचं हॅलाइड तयार होऊन वाफ होतं आणि ज्योत हिरवी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही परीक्षा अजून करतात.

बाइलस्टाइनच्याही मागे जाता येतं. स्वीडनच्या बर्झेलियसने सोनाराच्या फुंकणीसारखी नळी घेऊन खनिजं ओळखण्याचं तंत्र नावारूपाला आणलं, त्यावर १८२० मध्ये पुस्तक लिहिलं. क्लोरिन ओळखायला तांब्याचं ऑक्साइड वापरण्याची रीत याच तंत्रातली. आणि शिष्यपरंपरा पाहा : बर्झेलियसचा शिष्य व्होलर, गटिंगेनला व्होलरचा शिष्य बाइलस्टाइन. विद्या घराण्यातच राहिली, शिष्याने ती दगडावरून सेंद्रिय पदार्थांवर नेली.

प्रयोगशाळेतली तार गॅरेजातली चकती कशी झाली? माझा तर्क मिथाइल क्लोराइडकडे बोट दाखवतो. वास पुरेसा नाही, माणसं मरतायत आणि रेणूत क्लोरिन आहे. फ्रिज बनवणाऱ्या कारखान्यांत रसायनतज्ज्ञ होतेच, बाइलस्टाइनची तार त्यांनी विद्यार्थीदशेतच हाताळलेली. प्लंबरच्या ब्लोटॉर्चमध्ये तांब्याची चकती बसवणं हे त्यांच्यातल्या कुणाचंही एका दुपारचं काम. म्हणून टॉर्चचा सांगाडा मी प्लंबरला देतो, वंश मात्र बाइलस्टाइनचाच सांगतो.

टॉर्चलाही खोड होतीच. आर-१२ ज्योतीत जळजळीत आम्लं सोडतो, आणि थोडा फॉस्जीनही, म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. बिनविषारी गॅस शोधताना विष तयार करणारं हत्यार ते! खिडक्या उघडा आणि धुरात नाक घालू नका, ही ताकीद म्हणूनच असे.

गळती शोधण्याची पुढची मोठी मजल ब्रिटनच्या जेम्स लवलॉकची. १९५७ मध्ये त्याने इलेक्ट्रॉन पकडणाऱ्या रेणूंचा माग काढणारं अतिसंवेदनशील यंत्र बनवलं आणि १९७१-७२ मध्ये ते जहाजावर ठेवून अटलांटिक पालथा घातला. आर-१२ चा भाऊ आर-११ त्याला जिथे तिथे हवेत सापडला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी अशा वायूंचा ओझोनच्या थराला असलेला धोका मांडला, १९८७ मध्ये ते आवरण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला आणि १९९० च्या दशकात नव्या गाड्या आर-१३४ए वर गेल्या.

तिथेच टॉर्च विझली. आर-१३४ए मध्ये क्लोरिन नाही, फक्त फ्लोरिन आहे, आणि तांब्याचं फ्लोराइड त्या ज्योतीत वाफ होत नाही. बाइलस्टाइनच्या परीक्षेला फ्लोरिन पहिल्यापासून दिसत नव्हता. तिची ही मर्यादा सव्वाशे वर्षांनी गॅरेजात भोवली. त्यानंतरचा आर-१२३४वायएफ तर मुळात सौम्य ज्वलनशील, त्याच्याजवळ उघडी ज्योत नेणं हा वेडेपणा. आता इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर आहे, अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग तेलात मिसळतात, आणि नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावण्याचा उपाय तर सदाबहार.

तेव्हा वाचकहो, एसी थंड करेना म्हणून गाडी नेलीत आणि मेकॅनिक म्हणाला, “गॅस संपलाय, भरून देतो,” तर भरू देण्याआधी विचारा : गेला कुठून? या यंत्रातला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. होज आणि सीलमधून वर्षाकाठी थोडा झिरपतो हे खरं, पण एका उन्हाळ्यात अर्धा किलो गेला असेल तर भोक आहे. ते आधी शोधायला लावा, दुरुस्त झालं की व्हॅक्यूम मारायला लावा, मगच गॅस. आणि स्वस्तात पडतो म्हणून कुणी एलपीजीच्या जातीचा गॅस भरू लागला, तर तिथून गाडी सरळ बाहेर काढा.