पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन

पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्याचा महाराष्ट्रातील गाजलेला प्रयोग सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीत झाला. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तेथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा मोडकळीला आलेली शाळा गुरांच्या गोठ्याला लागून होती. मुलांच्या घरी कन्नड बोलली जाई, पुस्तके मात्र मराठी. खरी अडचण ही होती. तंत्रज्ञान तिच्या मागून आले.

डिसले कन्नड शिकले आणि पुस्तकांत त्यांनी कोड आणले. पालकांचा मोबाइल त्या चौकोनावर धरला की कविता ऐकू येई, धड्याची चित्रफीत दिसे. शाळेतली मुले व्हिडिओ कॉलवरून परदेशातील मुलांशीही बोलू लागली. गावाबाहेरची ओळख एरवी यात्रेपुरती किंवा बाजारापुरती असते, हे लक्षात घेतले तर हा बदल मोठाच म्हणावा लागेल.

पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही कोड आले. ते केंद्राने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘दीक्षा’ या डिजिटल व्यासपीठाशी जोडले गेले.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यास व्हॉट्सॲपच्या गटांवर गेला. तेव्हा मर्यादाही उघड्या पडल्या. घरात फोन एकच, तोही कामावर गेलेल्या वडिलांच्या खिशात. रेंजसाठी मुलांनी टेकडी गाठायची. मधल्या सुट्टीतला वाटून खाल्लेला डबा तर कोणत्याच पडद्यावर येत नव्हता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.