हातांची जबानी

‘हातवारे’ हा शब्द मराठीत किंचित हेटाळणीनेच वापरला जातो. नीट बोला, हातवारे नकोत, हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे. मात्र १८८५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाला हाताच्या हालचालीचाच निवाडा करावा लागला.

‘क्वीन-एम्प्रेस विरुद्ध अब्दुल्ला’ हे ते प्रकरण. दुलारी नावाच्या स्त्रीचा गळा चिरलेला होता. शुद्ध होती, वाचा नव्हती. एकेक नाव उच्चारून तिला विचारण्यात आले. तिने हात हलवून नकार दिला आणि अब्दुल्लाचे नाव येताच होकार दिला. पुढे ती मरण पावली. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ नुसार मृताचे लेखी किंवा ‘व्हर्बल’ निवेदन ग्राह्य होते. मग हाताची खूण ‘व्हर्बल’ कशी?

‘व्हर्बल’ म्हणजे ‘तोंडी’ असे आपण सर्रास म्हणतो आणि तिथेच फसतो. मुख्य न्यायमूर्ती पेथरम यांनी दोहोंत भेद केला: व्हर्बल म्हणजे शब्दांचे, ते मुखातूनच आले पाहिजेत असे नाही. शब्द प्रश्नात होते, ते हाताने आपलेसे केले. दोन्ही मिळून निवेदन झाले. न्या. महमूद यांचे मत वेगळे पडले, पण बहुमताने पुरावा ग्राह्य ठरला.

आम्हाला त्याहून मोलाचा वाटतो तो निकालाचा दुसरा भाग. खुणेचा अर्थ काय, याविषयी पाहणाऱ्यांची मते पीठाने वगळली. हाताने काय केले तेवढे सांगा. अर्थ न्यायालय लावील.

सीमाभागात वकिली करताना हे वारंवार आठवते. साक्षीदार मराठीत बोलतो, नोंद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत होते. ‘हितनं त्या दारापतूर’ असे म्हणून तो बोट दाखवतो आणि कागदावर ‘थोड्या अंतरावर’ एवढेच उरते. रात्रीच्या अंधारात चेहरा ओळखता आला की नाही, हे त्या अंतरावरच ठरायचे असते! अशा वेळी आम्ही उठून विनंती करतो: साक्षीदाराने न्यायदालनाच्या दाराकडे बोट केले, असेच नोंदवावे. कधी ती मान्य होते, कधी वेळ नसतो.

वाचा नसलेल्या साक्षीदाराच्या खुणा खुल्या न्यायालयात झाल्यास तोंडी पुरावाच मानाव्यात, असे मूळ कलम ११९ सांगत होते. २०१३ च्या दुरुस्तीने त्यात दुभाषी आणि चित्रीकरण आले. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १२५ आहे. आमच्या साक्षीदाराला वाचा आहे, म्हणून ते कलम त्याला लागू नाही.