कृष्णविवरांपासून वाय-फायपर्यंत

औंढा नागनाथ म्हटले, की आम्हाला पूर्वी हेमाडपंती देऊळच आठवे. आता त्याच परिसरात गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा होत आहे. कृष्णविवरांच्या टकरी ती टिपेल. गंमत अशी, की प्रयोगांसाठी आपण घेतो त्या काहीशे रुपयांच्या वाय-फाय चिपचा एक धागाही कृष्णविवरांकडेच जातो!

१९७० च्या दशकात जॉन ओ'सलिव्हन स्फोट पावणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचे रेडिओस्पंद शोधत होते. ते सापडले नाहीत. विस्कटलेला संदेश फूरिए गणिताने सावरण्याचा अनुभव मात्र मिळाला. पुढे ऑस्ट्रेलियात तो कामी आला. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी बिनतारी संदेशात घोळ करत. माहिती अनेक वारंवारतांवर वाटून सावकाश पाठवली, की हे प्रतिध्वनी आड येत नाहीत. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने पेटंटसाठी अर्ज केला. शांघायच्या एस्प्रेसिफने २०१४ मध्ये आणलेल्या ईएसपी ८२६६ मध्ये नियंत्रक आणि हे सारे गणित पाच मिलिमीटरच्या चौकोनात बसले.